सावळीराम मिस्त्री आणि बिनक्लचची गाडी

सावळीराम मिस्त्री कार्यक्रमाला येतील, दुसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसतील आणि एक शब्दही बोलणार नाहीत. या काळजीनं उज्वलाला चार दिवस चैन नव्हतं. खरं तर माणूस बोलेल याची काळजी वाटायला हवी, आणि तीन वर्षं तिला तीच वाटत आली होती. पण पत्र आल्यापासून काळजी उलटी फिरली. मिस्त्री गप्प बसतील, आणि ती खुशाल सत्काराची शाल पांघरून घेईल.

पत्र सुरगाण्याहून आलं होतं. तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात उज्वलाची एकुलती एक मुलगी रोशनी डॉक्टर होती. दवाखान्याकडे एक जुनी जपानी डिझेल पिकअप होती. तीत औषधं, बाळं जोखायचा काटा आणि लशींची थंड पेटी घालून रोशनी आठवड्यातले चार दिवस डोंगरातल्या पाड्यांवर जायची. येत्या रविवारी या फिरत्या दवाखान्याला दहा वर्षं पुरी होणार होती. विश्वस्तांनी लिहिलं होतं, की तीन वर्षांपूर्वी ही गाडी मोडीत निघणार होती, आपण जाणता मिस्त्री शोधून ती वाचवलीत, म्हणून आपला सत्कार करायचं ठरलं आहे. खाली रोशनीनं हातानं जोडलं होतं, ‘आई, नाही म्हणू नकोस. तू त्या वेळी धडपडली नसतीस तर मी आज इथे नसते.’

ती ओळ उज्वलानं तीनदा वाचली. कारण गाडी मोडीत काढायला सांगायला ती स्वतःच गेली होती. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक ती आणि दुसरे मिस्त्री.

सावळीराम मूळचे येवल्याचे. घरात पैठणीचा माग. वडील विणायचे, आई रेशीम उकलून द्यायची. थोरले दोघं भाऊ मागावर बसले, पण सावळीरामची बोटं जन्मतःच खरखरीत. रेशमाचा तार बोटाला अडकायचा, तुटायचा. वडील एकदा वैतागून म्हणाले, “ह्याच्या हाताला लोखंडच द्या.” तेराव्या वर्षी त्यांना एसटीत बसवून नाशिकला एका गॅरेजात धाडलं. तिथून पुढं मुंबई, आणि अठ्ठ्याहत्तर साली कुवेत. कुवेतमध्ये बारा वर्षं त्यांनी बिनक्लचच्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्यांची पोटं उघडली. आपल्याकडे तेव्हा असली गाडी बघायलाही मिळत नसे, तिथे भाजीवाल्याचीसुद्धा पिकअप बिनक्लचची. नव्वदच्या ऑगस्टात तिथं लढाई पेटली आणि सावळीराम एक पिशवी घेऊन परत आले. पिशवीत दोन शर्ट आणि बाकी सगळे पाने. देवळाली कॅम्पात बाजाराच्या मागं त्यांनी पत्र्याचं गॅरेज घातलं. लोक त्यांना कुवेतवाला म्हणायचे. साळूबाई, त्यांची बायको, म्हणायची, “कुवेत गेलं, वाला राहिला.” दोघांना मूल नव्हतं.

ही हकीकत उज्वलाला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळली. पहिल्यांदा गेली तेव्हा तिला एवढंच माहीत होतं, की बिनक्लचच्या गाडीतलं कळणारा नाशकात हा एकच माणूस आहे.

ती दोन हजार एकची गोष्ट. परदेशातल्या कुणा देणगीदारांनी चौऱ्याण्णव साली दवाखान्याला ती पिकअप दिली होती. ड्रायव्हर कोंडाजी हा सुरगाण्याकडचाच. डावा पाय मोकळा ठेवून गाडी चालवतो याचा त्याला फार अभिमान. पण दोन हजार साल सरता सरता गाडी बिघडली. सपाटीवर पुढचा गिअर लवकर पडेना, इंजिन नुसतं ओरडत राहायचं आणि मग धाडकन झटका बसायचा. चढावर याहून वाईट. गाडी तापली की कोंडाजी पाय दाबायचा, इंजिन रेस व्हायचं आणि गाडी जागच्या जागी.

जानेवारीत घाटात तसंच झालं. मागं चिमणाबाई नावाची बाळंतपणाला अडलेली बाई होती. गाडी चढेना, उलट मागं सरकायला लागली. कोंडाजीनं ब्रेकवर उभं राहून ती कशीबशी धरली, रोशनीनं उडी मारून चाकामागं दगड लावले. पुढं जीपवाला भेटला म्हणून बाई वेळेत पोचली. मुलगी झाली, दोघी वाचल्या. रोशनीनं हे फोनवर हसत हसत सांगितलं. उज्वला हसली नाही. त्या दिवसापासून तिला डोळे मिटले की मागं सरकणारी गाडी दिसायची. यजमान गेल्यापासून तिला रोशनीखेरीज कोण होतं?

विश्वस्तही घाबरले. त्यांनी ठरवलं, की जाणत्या मिस्त्रीचं लेखी मत आणायचं. दुरुस्त होण्याजोगी असेल तर करायची, नसेल तर गाडी मोडीत आणि फिरता दवाखाना बंद. दुसरी गाडी मिळायची आशा नव्हती. बंद झाला असता तर रोशनी नाशकात परत आली असती. इथल्या एका हॉस्पिटलनं तिची जागा अडवून ठेवली होती.

“आई, नाशकात शोध ना मिस्त्री,” रोशनी फोनवर म्हणाली होती. “इथे जो तो म्हणतो, गिअरबॉक्स काढून जीपचा बसवा.”

उज्वलानं शोधला. आणि गाडी यायच्या दोन दिवस आधी ती एकटीच देवळाली कॅम्पात गेली.

मिस्त्री एका ट्रकच्या खाली झोपले होते. आधी पाय दिसले, मग हळूहळू बाकीचा माणूस बाहेर आला. बारीक चणीचा, पांढऱ्या मिशांचा. साळूबाईनं खुर्ची पुसून दिली.

“मिस्त्री, गाडी गुरुवारी येईल,” उज्वला म्हणाली. “पण मला तुमच्याकडून एक लिहून हवंय. गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेलीय, असं.”

मिस्त्री हात पुसत राहिले. “तुम्ही पाहिलीय का गाडी, ताई?”

“बसलेय एकदा.”

“बसून कळलं? नशीबवान आहात. मला खाली झोपल्याबिगर कळत नाही.”

“चेष्टा करू नका. माझी मुलगी त्या गाडीतून घाट चढते. एकच आहे मला. एक ओळ लिहिली तर तुमचं काय जातंय?”

मिस्त्रींनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, “आणा गाडी. बघतो.”

उज्वलानं त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि निश्चिंत होऊन घरी गेली.

गुरुवारी कोंडाजी गाडी घेऊन आला. रोशनीला दवाखान्यातून सुट्टी नव्हती, त्यामुळे तिच्या जागी उज्वलाच हजर. मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. त्यांनी कोंडाजीला समोर बसवलं, चहा पाजला आणि पुन्हा पुन्हा एकच विचारलं. कधी ओरडते? थंड असताना की तापल्यावर? चढावर की सपाटीवर? कोंडाजी कंटाळला.

“मिस्त्री, गाडी बघता का माझी सोयरीक जमवता?”

“सोयरीक जमवायला एवढं विचारत नाहीत रे. म्हणून तर फसतात लोक.” साळूबाई आतून खाकरली. मिस्त्री पुढं म्हणाले, “गिअरबॉक्सचं ऑइल बघतोस का?”

कोंडाजी ताठ झाला. “रोज. सकाळी गाडी चालू करायच्या आधी. एक दिस चुकवला नाय. डिपस्टिक काढायची, पुसायची, घालायची, बघायची. भरलेलंच ऱ्हातं. थेंब घालायची गरज नाय पडली.”

“इंजिन बंद असताना?”

“मग काय चालू ठेवून? इंजिनाचं ऑइल कोण चालू गाडीत बघतं?”

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, पण हसू लपवत. “लेका, ते इंजिनाचं. ह्याचं उलट असतं. गाडी बंद केली की वरचं ऑइल सगळं खाली उतरतं आणि डिपस्टिक म्हणते, पोट भरलंय. बघायचं ते गाडी तापवून, सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवून. चल, दाखवतो.”

पाच-सहा मैल फिरवून आणून गाडी उभी केली. इंजिन चालू. मिस्त्रींनी सगळे गिअर एकदा टाकून न्यूट्रलला आणले आणि डिपस्टिक बाहेर काढली. खालच्या टोकाला जेमतेम ओल. कोंडाजी बघतच राहिला. रेडिएटरजवळच्या रबरी नळीतून वर्षभर थेंब थेंब ऑइल झिरपत होतं, आणि रोज सकाळी इमानदारीनं बघूनही त्याला ते भरलेलं दिसत होतं. चढावर उरलंसुरलं ऑइल मागं पळायचं, आतला पंप हवा ओढायचा, आणि इंजिन ओरडत असताना गाडी जागेवरच उभी राहायची.

“म्हंजी मीच मारली की तिला,” कोंडाजी पुटपुटला.

“मेली का नाही ते अजून कळायचंय,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या फडक्यावर टिपला. उज्वलाला म्हणाले, “ताई, हे काळं निघालं आणि जळका वास आला, तर आतल्या प्लेटा जळाल्या. मग तुम्ही म्हणता ते मी खुशाल लिहून देतो. खोटं नसेल ते.”

उज्वला त्या फडक्याकडे बघत राहिली. काळं निघू दे, काळं निघू दे, असं ती मनात घोकत होती. पुढं कायम त्या क्षणाची तिला लाज वाटत आली. मिस्त्रींनी फडकं उन्हात धरलं, नाकाशी नेलं आणि तिच्या पुढं केलं.

तपकिरी होतं. पण त्यात लाल रंग अजून जिवंत होता. वास तेलाचा, जळका नव्हे.

“वाचल्या प्लेटा,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी नळी बदलली, जुनं ऑइल काढून ताजं लाल ऑइल घातलं आणि दुसऱ्या दिवशी तिघं पेठ रस्त्याच्या घाटाकडं निघाले. कोंडाजी चालवायला, शेजारी मिस्त्री, मागच्या बाकावर उज्वला. तिनं हट्टानं जागा घेतली होती. अजून तिची आशा सुटली नव्हती. मिस्त्रींच्या हातात खडू. गिअर पडला की ते काट्यावरचा वेग बघायचे आणि डॅशबोर्डवर आकडा लिहायचे. चाळीस. पंचाहत्तर. पुन्हा चाळीस.

घाट लागला. उज्वलानं समोरची सळी दोन्ही हातांनी धरली. पण गाडी मागं सरकली नाही. तापली तरी ओढत राहिली, एका दमात वर गेली. कोंडाजीनं आनंदानं हॉर्न वाजवला.

“उगाच वाजवू नकोस,” मिस्त्री म्हणाले. “अर्धंच काम झालंय. हा आकडा बघ. दुसरा गिअर चाळीसला पडतोय. विसाला पडायला पाहिजे. झटका गेला का? नाही. याचा अर्थ हा रोग वेगळा.”

“मग काल एकदमच का नाय केलं सगळं?”

“दोन्ही एकदम केलं असतं तर कशानं बरी झाली ते कळलं असतं का?”

गाडी कडेला घेऊन त्यांनी बॉनेट उघडलं आणि विचारलं, “डिझेल पंप कधी काढला होता?” कोंडाजीला आठवलं, मागच्या दिवाळीनंतर नाशकात एका ठिकाणी पंपाचं काम केलं होतं. मिस्त्रींनी मान हलवली. त्या पंपापासून एक बारीक केबल गिअरबॉक्सकडं जाते. ड्रायव्हरनं पाय किती दाबलाय ते ती गिअरबॉक्सला कळवते. साध्या गाडीत ती नसतेच. पंपाचं काम करणाऱ्याला ती कसली ते माहीत नव्हतं, ढिली दिसली म्हणून त्यानं अॅक्सिलरेटरच्या तारेसारखी ओढून घट्ट केली. तेव्हापासून गिअरबॉक्सला वाटत होतं, की ड्रायव्हरनं पाय कायम रेटलेलाच आहे. म्हणून तो पुढचा गिअर टाकायचा नाही, आणि टाकला तर जोरात.

मिस्त्रींनी दोन नट सैल केले, केबल नखाएवढी ढिली सोडली, नट आवळले. बस. परतीच्या वाटेवर खडूनं आकडे लिहिले वीस आणि पस्तीस. गिअर कधी पडला ते उज्वलाला कळलंही नाही.

कॅम्पात परत आल्यावर कोंडाजी हात धुवायला गेला, तेव्हा तिचा बांध फुटला.

“तुम्ही मला शब्द दिला होतात, मिस्त्री.”

“बघतो म्हणालो होतो, ताई. बघितली.”

“आज चढली. उद्या नाही चढली तर? तुम्हाला मूल असतं तर कळलं असतं तुम्हाला!”

बोलून गेली आणि तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. दारात साळूबाई उभी होती. ती आत निघून गेली. मिस्त्री स्टुलावर बसले.

“मूल नाही. खरंय,” ते म्हणाले. “पण मी होतो ना कुणाचं तरी. त्र्याऐंशी साली कुवेतला आईची तार आली. वडील सीरियस, ताबडतोब ये. मालकाच्या पाया पडून सुट्टी काढली, येवल्यात आलो. वडील मागावर बसलेले, पान खात. आईनं माझ्यासाठी पुरण घातलं होतं. तिचं म्हणणं, पाच वर्षं तोंड दिसलं नाही, दुसरं काय करू? मी जेवलो नाही. तसाच परत फिरलो. दोन वर्षं पत्र टाकलं नाही.”

“मग?”

“पंच्याऐंशीत दुसरी तार आली. आई सीरियस. मी म्हटलं, पुन्हा तेच. गेलो नाही.” त्यांनी खडूचा हात पँटला पुसला. “ती तार खरी होती, ताई.”



मग त्यांनी कागद घेतला आणि मोठ्या, सुट्या अक्षरात लिहिलं, की गाडी चालण्याजोगी आहे, ऑइल कसं तपासायचं ते ड्रायव्हरला शिकवलं आहे, दर तीन महिन्यांनी मी स्वतः पाहीन. सही केली आणि कागद तिच्याच हातात दिला. विश्वस्तांना द्यायला. वाटेत तो फाडणं किती सोपं होतं, हे त्यांनाही ठाऊक असणार. तिनं तो जपून नेऊन दिला. तिनं स्वतःहून केलेलं चांगलं काम असं एवढं एकच.

त्यानंतर तीन वर्षं मिस्त्री दर तीन महिन्यांनी बसनं सुरगाण्याला जात आले. पावसाळ्यातसुद्धा. साळूबाई त्यांच्या पिशवीत रोशनीसाठी शेंगदाण्याची चटणी द्यायची. ज्या बाईच्या तोंडून असं बोलणं ऐकलं, तिच्याच मुलीला. कोंडाजी आता चालू इंजिनावर ऑइल बघतो आणि सुरगाण्यातल्या जीपवाल्यांना त्यावर भाषण देतो. घाटात गाडी पुन्हा कधी अडली नाही. रोशनी फोनवर रात्री-अपरात्री नेलेल्या बायांची नावं सांगायची, कलाबाई, विठाबाई, अक्काबाई, आणि उज्वला प्रत्येक नावाला मनातल्या मनात मिस्त्रींना हात जोडायची. त्या बायांसाठी तर खरंच. पण त्याहून अधिक स्वतःसाठी. त्या माणसानं तिच्या हातून होऊ घातलेली गोष्ट होऊ दिली नव्हती, आणि त्याबद्दल तिला कमीही लेखलं नव्हतं. कॅम्पात गेलं की तीच खुर्ची पुसून मिळायची.

फक्त एक काळजी राहायची. मिस्त्री सुरगाण्याला गेले की रोशनीशी तासन्‌तास बोलत बसतात. कुठल्याही गाडीचा रोग पहिल्यापासून सांगायची त्यांना सवय. कधी बोलता बोलता निघून गेलं तर? प्रत्येक भेटीनंतर रोशनीच्या आवाजात ती बदल शोधायची. बदल कधीच नसायचा.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती देवळाली कॅम्पात गेली. मिस्त्रींना रविवारचं निमंत्रण होतंच.

“सत्कार खरा तुमचा व्हायला हवा,” ती म्हणाली.

“आमचा कशाला? दोन नट ढिले केले. आणि गाडी कॅम्पात आणली कोणी? तुम्हीच ना?”

“मी कशासाठी आणली ते तुम्हाला माहितीये.”

“मला गाडीचं माहितीये,” मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा ट्रकखाली गेले. साळूबाईनं चहा आणला. तिनं उज्वलाकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, “ते नाय बोलायचे हो. मेले तरी नाय. आईच्या तारेचं पण मला लग्नानंतर बारा वर्षांनी सांगितलं त्यांनी.”

बसमध्ये उज्वलाला ते बोलणं पुरतं उमगलं. मिस्त्रींकडून काही बाहेर येणार नव्हतं, आज नाही आणि कधीच नाही. म्हणजे हे रोशनीला कळेल तर तिच्या आईकडूनच. आणि नाही कळलं, तर ती मुलगी सगळ्या पाड्यांसमोर आईच्या खांद्यावर शाल घालेल आणि अभिमानानं तिच्याकडे बघेल. ते बघणं तिला पुढं किती वर्षं वागवावं लागेल? आजवर रोशनी तिचा शब्द डोळे मिटून खरा मानत आली होती. उद्या खरंच छातीत दुखलं, खरंच ‘ये’ म्हणायची वेळ आली, तर त्याच भरवशावर ती धावत येणार होती. तो भरवसा तिला असा लबाडीनं टिकवायचा नव्हता.

रोशनी चिडेल. कदाचित बरेच दिवस बोलणार नाही. रविवारचा सत्कार रद्द होईल, लोक ‘का’ म्हणून विचारतील. चिडू दे. चिडलेली मुलगी चालेल, पण तिला सगळं माहीत असलेलं बरं. आणि रोशनीनं रागानं फोन ठेवायच्या आत तिला दुसरंही सांगायचं होतं, की सावळीराम नावाच्या माणसानं तिच्या आईचा शब्द खोटा होऊ दिला नाही, आणि शाल त्यांना घाल.

शनिवारी सकाळी बाह्यरुग्ण विभाग सुरू व्हायच्या आधी, साडेसात ते आठ, रोशनी दवाखान्याच्या फोनपाशी असते. उज्वलानं स्वयंपाकघरातलं घड्याळ पाहिलं. सात पस्तीस. मिस्त्रींना आधी विचारावं का, असा विचार एकदा मनात आला. पण विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं, ही गोष्ट तिची होती. तिनं पदराला हात पुसले, फोनशेजारची खुर्ची ओढली आणि सुरगाण्याचा नंबर फिरवायला रिसीव्हर उचलला.